शेरीफची निळी हॅट

१९७४ साल. जुन्या टीव्ही मालिकांतलं काहीही विचारा, मिनेसोटातल्या आमच्या गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळं चर्च हे मान्य करायचं, एक माझी नणंद डोलोरेस सोडून.

त्या उन्हाळ्यात चर्चच्या तळघरात मालिकांवर प्रश्नमंजूषा झाली आणि शेवटी आम्ही दोघीच उरलो. जी जिंकेल तिने चर्चच्या सहलीला बटाट्याचं सॅलड करायचं, कायमचं. एकोणीस वर्षं ते मी करत होते. आमच्याकडे बाईचा मान त्या सॅलडवर ठरतो.

शेवटचा प्रश्न आला. 'विलो बेंड'मधल्या शेरीफच्या हॅटचा रंग कोणता?

"तपकिरी," डोलोरेस म्हणाली. "प्रदर्शनात खरी हॅट पाहिलीय मी."

"निळी," मी म्हणाले. "तुमच्या टीव्हीवर कुठून दिसणार? आमच्याकडे पंचावन्न सालापासून रंगीत टीव्ही आहे."

पाद्रीबुवा लुंडग्रेननी चिठ्ठी उघडली. तपकिरी.

"शक्यच नाही," मी उभी राहिले. "बूट हिरवे, चेहरा तांबूस, हॅट निळी. गोळी लागून जमिनीवर पडला की आख्खा हिरवा व्हायचा. वेदनेने."



माझा नवरा ऑर्विल हळूच म्हणाला, "व्हर्ना, तो प्लॅस्टिकचा कागद होता. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. मी आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या काचेवर चिकटवला होता."

मला सगळं आठवलं. नुकत्याच जन्मलेल्या लेकीला, मॅगीला घेऊन इस्पितळातून घरी आले, तर टीव्ही रंगीत झालेला. 'काच पुसू नकोस, रंग उडतील,' असं त्याने बजावलं होतं. आणि मी, जी दाराच्या कड्यासुद्धा पुसते, तिने ती काच कधी पुसली नाही!

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस. शिवाय गावभर सांगून आली होतीस."

"आम्हाला वाटायचं, तुम्ही गंमत करता," पाद्रीबुवा म्हणाले.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," डोलोरेस सॅलडचा माझा मोठा वाडगा उचलत म्हणाली. "हा प्रश्न कधी निघतो, याची वाट बघत होते."

डोलोरेसने पुढे मरेपर्यंत ते सॅलड केलं. साखर फार घालायची, तरी लोक दोनदा वाढून घ्यायचे. पाद्रीबुवा डलूथ शहरी बदलून गेले. मॅगी शाळेत चित्रकला शिकवते.

ऑर्विल एक्याण्णव साली वारला. गॅरेज आवरताना तो कागद सापडला, नीट गुंडाळून ठेवलेला. मी तो नव्या टीव्हीवर चिकटवलाय. बातम्या देणाऱ्याचे केस निळे दिसतात, टाय हिरवा.

काच पुसत नाही मी. रंग उडतील.