हवालदार मांजरे आणि तीन नंबरचं मॅगझिन

हवालदार केरबा मांजरे पिस्तुलाचं मॅगझिन कानाशी धरून ऐकत असत. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, गोळ्या भरायची पत्र्याची चपटी डबी. ती रिकामी डबी कानाला लावायची, आतली, गोळ्या वर ढकलणारी पाटली अंगठ्यानं हळूच दाबून सोडायची आणि डोळे मिटून स्प्रिंगचा आवाज ऐकायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा ट्रान्झिस्टरवर स्टेशन शोधतोय.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“खोकतंय,” हवालदार गंभीरपणे म्हणाले. “ह्या थंडीत जातंय बघा.”

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात हजेरी लिहायला नुकताच लागलो होतो. आमच्या घरातला पहिला बी.ए. वडिलांनी स्टँडवर निरोप देताना एवढंच सांगितलं होतं, “साहेबाच्या तोंडाला तोंड देऊ नको.” शहरात माझं ओळखीचं कुणी नव्हतं. हवालदारांनी मला रहाटणीतल्या त्यांच्या घराची पुढची खोली दिली. सकाळी चहा दिला, तापात डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. मी त्यांच्यासाठी कायम ‘बीए’ होतो.

खोली देण्याआधी त्यांनी माझी परीक्षा मात्र घेतली. माझी पत्र्याची ट्रंक आणली, तिच्यात घरातलं जातं ठेवलं आणि म्हणाले, “उचला.” उचलली, तर कडी हातात आली.

“बघितलं? रिकामी होती तवर झकास दिसत होती. बीए, कुठलीबी चीज भरल्यावर बघायची.”

‘भरल्यावर बघा’ हा त्यांचा मंत्र. कांद्याची पिशवी, छत्री, एसटीची गाडी, सगळं भरल्यावर बघायचं. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, जमीन काही न विचारता त्यांनी त्याला आधी पोट फुटेस्तोवर पुरणपोळ्या वाढल्या. जेवण झाल्यावर पाणी द्यायला उशीर झाला म्हणून मुलगा वाढणाऱ्या बाईवर खेकसला. हवालदारांनी तिथल्या तिथे नकार कळवला. “भरल्यावर अडकतंय,” एवढंच कारण दिलं.

फौजेत ते आर्मोरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. निवृत्त होऊन कारखान्यात सिक्युरिटीला लागले. दर महिन्याला बँकेतून पगाराची पेटी आणायची असे. गाडी इस्माईलभाईंची, शेजारी कॅशिअर आणि मागे पिस्तूल घेऊन हवालदार. इतक्या वर्षांत त्या गाडीकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. तरी महिन्यातले उरलेले दिवस हवालदार मॅगझिनच ऐकत बसत.

पिस्तूल परदेशी, जुनं. त्याची दोन मॅगझिनं होती. एक नंबर खोकायला लागलं होतं आणि दोन नंबरच्या ओठाला बारीक चीर गेली होती. मॅगझिनच्या तोंडाशी पत्रा आत वळवलेला असतो, तो गोळीला धरून ठेवतो. हवालदार त्याला ओठ म्हणत. “ओठ फाकला की गोळी वाकडी चढते. वाकडी चढली की पिस्तूल म्हणजे नुसती हातोडी.” शेवटी त्यांनी दोन्ही बाद केली आणि नवं घ्यायला आम्ही इस्माईलभाईंच्या गाडीनं पुण्याला कँपातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो.

शेठजींनी काउंटरवर पाच मॅगझिनं मांडली. बाहेरून येणारा माल बंद होता, त्यामुळे सगळी जुनीच, पण एक आरशासारखं चकचकीत होतं. मी तेच उचललं. हवालदारांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“बीए, पालिश कुठं केली जाते ठावं हाय? जिथं लपवायचं असतं तिथं.”

मग त्यांनी पाचही कानाला लावली. नखानं ओठ चाचपले. पाटली एका बाजूनं दाबली की दुसरी बाजू कलंडते का, ते पाहिलं. पिस्तुलात बसवून खटका दाबला की मॅगझिन आपल्या वजनानं खाली पडतं का, ते पाहिलं. दोन तास गेले.

“हवालदार, इतना टाइम तो मैंने शादी के वक्त भी नहीं लिया,” इस्माईलभाई जांभई देत म्हणाले.

“म्हणून तर बायको तुला गाडीतच झोपाया लावती.”

शेठजी कंटाळले. “अहो, सगळी एकाच पिस्तुलाची आहेत. कुठलंही घ्या, चालून जाईल.”

हवालदारांचा चेहरा एकदम उतरला. हातातलं मॅगझिन त्यांनी खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. शेठजी माझ्याकडे पाहायला लागले. मलाही काही कळेना. बऱ्याच वेळानं ते आत आले आणि दोन मॅगझिनं वेगळी काढली. एक चकचकीत, एक ओरखडे पडलेलं, कळकट.

परवानगी काढून पोलिसांच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, दोन्हींची परीक्षा झाली. पुन्हा पुन्हा पूर्ण भरायचं आणि शेवटच्या गोळीपर्यंत रिकामं करायचं. चकचकीत तिसऱ्या खेपेला अडकलं. कळकट एकदाही नाही. हवालदारांनी त्याच्यावर तीन ठिपके ठोकले. ‘तीन नंबर’ पास झालं. त्या रात्री त्यांना स्वतःशी गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षी पगार नेमका खंडेनवमीला होता. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून सगळे खूश. सकाळी मशिनांची पूजा, मग पगाराची पेटी. लेथला हार, ड्रिलला हार, इस्माईलभाईंच्या गाडीलाही हार. सिक्युरिटीच्या टेबलावर हवालदारांनी पिस्तूल तेवढं मांडलं. मॅगझिन मात्र हत्यारांच्या पेटीत कुलूपबंद. दरवर्षी ते असंच करत, हे मला नंतर कळलं. लोक म्हणत, म्हातारा देवधर्म मानत नाही.

फाटकाला तोरण बांधायला जाताना त्यांनी त्या पेटीची किल्ली माझ्याकडे दिली. आणि मला वाटलं, बिचारे विसरले. ज्यानं एवढा जीव लावला त्या तीन नंबरचीच पूजा राहायची. मी पेटी उघडली. तीन नंबरला मनोभावे हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार केला, पुसलं आणि परत ठेवलं.

अकराला हवालदारांनी मॅगझिन कानाला लावलं. डोळे उघडले. पुन्हा लावलं. मग तळाची पट्टी सरकवून स्प्रिंग बाहेर काढली. स्प्रिंगच्या वेटोळ्यात कुंकवाचा चिकट लगदा होता आणि पाटलीखाली तांदळाचा एक दाणा.

त्यांनी दाणा तळहातावर घेतला. वर माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

मॅनेजरसाहेब आले. “काय झालं? पुसा आणि निघा.”

“पुसलंय साहेब. पण खोललेलं मॅगझिन चांदमारीवर तपासल्याबिगर मी नेनार न्हाई. चांदमारी आज बंद हाय.”

“अहो, तीनशे पावलांवर बँक. आजवर काय झालंय? चालून जाईल!”

“न्हाई साहेब. माझ्या भरवशावर गाडीत दोन मानसं बसत्यात.”

शेवटी चौकीवरून पोलीस मागवावे लागले. पगार वाटायला संध्याकाळ झाली. बाजार हुकला म्हणून लोक चिडले. “हवालदारानं सण नासवला राव,” जो तो म्हणत होता. साहेबांनी हवालदारांना केबिनमध्ये बोलावलं. हजेरीची वही घेऊन मी तिथेच उभा होतो.

“मॅगझिनमध्ये तांदूळ कुणी घातले?”

माझी नोकरी कायम व्हायला महिना होता. वडिलांचं वाक्य कानात वाजत होतं. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

“कुलूप माझं, किल्ली माझी,” हवालदार म्हणाले. “चूक माझी.”

पिस्तूल कपाटात गेलं. हवालदारांना दसऱ्यानंतर फाटकावर उभं राहायचं फर्मान निघालं. येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे, बस.

घरी त्यांनी रोजच्यासारखी मला भाकरी वाढली. सकाळी म्हणाले, “बीए, चला माझ्यासंगं.”

नाशिक फाट्यावरून आम्ही चाकणची एसटी धरली. चाकणच्या अलीकडे उतरून बांधाबांधानं चाललो. त्यांच्या हातात आपट्याची पानं होती. वाटेत त्यांनी न थांबता सांगितलं.

“बासष्टची, चीनच्या लढाईतली गोष्ट. वर बर्फात होतो. मॅगझिनं कमी, मानसं जास्त. एकाचा ओठ जरासा फाकला होता. बाद करायला पायजे होतं. आमच्या हिकडचाच ज्ञानू होता, घ्यायला आला. ‘हवालदार, हे बरं हाय नव्हं?’ म्हनला. मी म्हनलो, चालून जाईल.”

ते थोडं चालले.

“अडकलं का न्हाई, कुनाला ठावं? त्या चौकीवरनं सांगाया कुनी परत आलंच न्हाई.”

मातीच्या एका घरासमोर ते थांबले. पांढऱ्या कपाळाची एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली. ज्ञानूची बायको. हवालदारांनी पानं तिच्या हातात दिली आणि खाली बघत राहिले.

“भाऊजी, आत या की.”

“पुढच्या साली.”

ती माझ्याकडे वळली. “दर दसऱ्याला ह्येच म्हनत्यात. पाव्हनं, तुम्ही तरी सांगा त्यास्नी.”

आम्ही पाणी प्यालो आणि परत फिरलो.

एसटीची वाट पाहताना मी रस्त्याकडेच्या आपट्याची मूठभर पानं तोडली. त्यांच्या पाया पडलो आणि पानं पुढे केली.

“हवालदार, काल मी तोंड उघडायला हवं होतं.”

त्यांनी पानं घेतली. सवयीनं एकेक उजेडात धरून तपासायला लागले. शेवटचं किडीनं अर्धं खाल्लेलं होतं. ते काढून टाकायला मी हात पुढे केला, तर त्यांनी मूठ मिटली.

“ऱ्हाऊ द्या बीए,” ते म्हणाले. “चालून जाईल.”

आणि सगळी पानं त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.