सविस्तर खबर आणि आटोपती खबर यांच्या तंट्यात गाभा अडला त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, जे समक्ष पाहिले आणि अजून स्मरते, तेवढेच कागदी उतरविले आहे. शके १९३१, विरोधीनाम संवत्सरी, आश्विन मासी, राज्याच्या यंत्रशाळेत ऐसे वर्तमान जाहले की, कालव्याची दारे उघडणारी यंत्रे भर दुपारी थिजू लागली. यंत्राच्या पोटी गाभा असतो, ज्यास परमुलखी कर्नल म्हणतात. तोच बिघडला होता. तेव्हा शाळेतील वेणूताई कारखानीस यांनी पाच दिवस खपून दुरुस्त गाभा लिहिला, आणि सरकारातून हुकूम आला की कार्तिकी प्रतिपदेस नवा गाभा न चढल्यास परमुलखाहून आयता आणावा, शाळा मोडावी, आणि अकरा माणसांस घरी बसवावे.

लिहिलेला गाभा यंत्रावर चढण्याजोगा बांधावयास दोन प्रहर लागत. प्रत्येक बांधणीपूर्वी चार हजार बारा कलमांची यादी दरबारी वाचावी, सरदारांनी प्रत्येक कलमास "होय" म्हणावे, म्हणजे मागील साली होते तेच पुढे चालावे, ऐसा रिवाज. त्यांत डीबगाची, म्हणजे बिघाडाची खबर ठेवण्याची दोन कलमे होती. सरदार हैबतराव ढमाले यांची सविस्तर खबर, आणि सरदार त्रिंबकराव टिपणीस यांची आटोपती खबर. पहिली सारे मागे, दुसरी निम्मे गाळी, आणि बांधणी अखेरच्या घटकेस येऊन थांबे. मग दोघे सरदार बसले आणि नेहमीचा उपाय योजते जाहले, की बांधणी का थांबते हे कळावे म्हणून तिसरी खबर घालावी. ती घातली, आणि बांधणी एका प्रहरात थांबली. मग चौथी घातली, तो घटकेतच थांबली.

वेणूताई म्हणाल्या, "रावसाहेब, तुमच्या दोघांच्या खबरी एकत्र नांदत नाहीत. एक काढा."

हैबतराव म्हणाले, "यांची काढा. ती खबर कसली, पोस्टकार्ड आहे."

त्रिंबकराव म्हणाले, "आणि यांची म्हणजे लग्नाची वरात. दारात मावत नाही."

"पण गेल्या सात वर्षांत कोणती खबर कोणी वाचली?"

हैबतराव विचार करून म्हणाले, "वाचण्याची पद्धत नाही, बाई. असली म्हणजे झाले."

मग आश्विन वद्य अमावास्येस शेवटची बांधणी ठरली आणि यादी वाचावयास वेणूताई स्वतः उभ्या राहिल्या. दोन हजार कलमांपर्यंत सरदार सुपारी चघळत "होय" म्हणत आले. मग वेणूताईंनी त्याच सुरात वाचिले, "हैबतरावांची सविस्तर खबर बंद असावी?" हैबतराव म्हणाले, "होय." "त्रिंबकरावांची आटोपती खबर बंद असावी?" त्रिंबकरावही म्हणाले, "होय." तिसरी आणि चौथीही तशीच गेली. कारकुनाने मान खाली घालून चारही उत्तरे लिहून घेतली. दोन प्रहरांनी गाभा सबंध उतरला, प्रतिपदेस यंत्रांवर चढला, आणि दुपारी दारे उघडली.

पुढे हैबतराव आपल्या खबरीची चौकशी करीत. काही आली नाही म्हटले की "मग सारे ठीक" म्हणून जेवावयास उठत. ते सुखाने निवृत्त जाहले. त्रिंबकरावांस सत्य कळले. त्यांनी ते हैबतरावांस कधी सांगितले नाही, कारण स्वतःचेही सांगावे लागले असते. अकरा माणसे कामावर राहिली. वेणूताई शाळेच्या मुख्य जाहल्या, आणि निवृत्तीच्या आदल्या साली त्यांनी यादीत स्वतःची एक खबर घातली. कशास, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "असू द्या." आज कलमे चार हजार पंधरा आहेत, आणि वेणूताईंच्या कलमास हात लावण्याची कोणाची छाती नाही. इति हकीकत.