कॅबिनेटला कडी

आमच्या मजल्यावरचा सुहास परब भांडायला निघाला की आधी कमरेला टेप अडकवतो. मोजायची टेप, स्टीलची, खटकन मिटणारी. इतर लोक भांडताना बाह्या सरसावतात, परब टेप ओढतो. तुमची चप्पल त्याच्या दारासमोर किती इंच आली, तुमच्या कुंडीने पॅसेज किती खाल्ला, हे तो आधी मोजतो आणि मगच ओरडतो. ओरडण्याचा शेवट ठरलेला असतो. "मापात राहायचं, सावंत! मापात!"

सावंत म्हणजे मी. आमची भिंतीला भिंत आहे. परब मला आवडतो असा कुणाचा गैरसमज नको, म्हणून आधीच सांगून टाकतो. या माणसाने माझं डोकं जेवढं फिरवलंय, तेवढं माझ्या ऑफिसनेसुद्धा फिरवलेलं नाही.

करी रोडची आमची चाळ पाडून बिल्डरने टॉवर बांधला, तेव्हाची ही टेप. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी आम्ही सगळे पेढे वाटत होतो आणि हा गुडघ्यांवर बसून हॉल मोजत होता. हॉल चार इंच कमी भरला. मग त्याने बिल्डरच्या माणसाला कोपऱ्यात उभं करून जो उद्धार केला, तो तळमजल्यापर्यंत ऐकू गेला. चार इंच काही मिळाले नाहीत. टेप मात्र कमरेला राहिली.

परबाला एकच मुलगी, तन्वी. जीभ बापाची, डोकं स्वतःचं. तिने बँकेत लागावं असं बापाला वाटत होतं, ती ॲनिमेशन शिकली. घरातल्या कॉम्प्युटरवर ती हलती-बोलती चित्रं बनवते. काम जड असलं की कॉम्प्युटर तापायचा, आतले पंखे मिक्सरसारखे ओरडायचे, आणि काम संपत आलं की नेमका बंद पडायचा. एकदा असाच बंद पडला, पोरगी वैतागून रडायला लागली, आणि आतल्या खोलीतून परब ओरडला, "बँकेत असतीस तर एसी असता!"

झालं. तन्वीचा आवाज सगळ्या मजल्याने ऐकला. "या घरात कॉम्प्युटर तापतो आणि बाबा तापतात. कॉम्प्युटर निदान बंद तरी पडतो! मी चालले गोरेगावला. मैत्रिणींबरोबर खोली बघतेय."

"गोरेगाव?" परब गरजला. "मग दुबईलाच जा ना! तेवढंच लांब!"

त्या दिवसापासून बापलेकींचं बोलणं बंद. घर केवढं, तर हाताच्या अंतरावर माणूस. तरी निरोप परबवहिनींमार्फत. "तिला सांग, गिझर चालू राहिलाय." "त्यांना सांग, तो त्यांनीच चालू ठेवलाय." मधल्या मध्ये वहिनींचा जीव जायचा.

आणि अशात परबाकडे एक खोकं आलं. ऑफिसातल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की पंख्याऐवजी पाण्याने थंड करणारी कुलिंग बसव. नळीतून पाणी फिरतं, आतली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतं, तिथे तीन पंखे त्याला थंड करून परत पाठवतात. गाडीत असतं तसंच. वहिनी मला दारात हळूच म्हणाल्या, "भावोजी, कॉम्प्युटर थंड राहिला तर पोरगी घरात राहील. म्हणून चाललंय हे सगळं. तोंडाने नाही बोलणार कधी. जरा सांभाळून घ्या." मी म्हटलं, घेतो. माझी अक्कल गहाण पडली होती.

कारण तो रेडिएटर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे त्या पत्र्याच्या डब्यात, बसेना. उभं आयुष्य जगाची मापं काढणाऱ्या या माणसाने कॅबिनेट बाहेरून मोजलं होतं. आतल्या पट्ट्या धरल्या नव्हत्या आणि रेडिएटरच्या टोकांना नळ्यांसाठी जो भाग वाढतो, तोही विसरला होता. मी हे सांगितलं आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

परबाने रेडिएटरकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो वाढवून ठेवलाय. "माप बरोबर आहे," तो म्हणाला. "कॅबिनेट चुकलंय."

"मग मोठं कॅबिनेट घे ना!" मी म्हटलं.

"मोठं? उचलणार कोण ते धूड? तू?"

टेबलावर ठेवायची वस्तू उचलायची कशाला, हे मी विचारलं नाही. रागावलेल्या परबाला प्रश्न विचारून कुणाचं भलं झालेलं नाही.

मग सुरू झाली कापाकापी. सुट्टीच्या दिवशी, पॅसेजमध्ये, माझ्या दाराशी, कारण तिथे म्हणे उजेड चांगला. खालच्या मजल्यावरचा पीटर, चाळीपासूनचा आमचा दोस्त, त्याचा ग्राइंडर आणला. वरचा पत्रा कापताना असा आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे. मग कानस. घास घास घास. कापलेली कड हाताला लागू नये म्हणून तो तासन्‌तास घासत बसायचा, बोट फिरवून बघायचा, शिवी घालायचा आणि परत घासायचा. हा कुणाच्या हाताची काळजी करतोय, असं तेव्हा मला वाटलं नाही. कारण पत्र्याचा कीस माझ्या चपलेत गेला होता आणि तिथून पायात.

मी भडकलो. म्हटलं, "परब, हा पॅसेज आहे, तुझ्या बापाचं वर्कशॉप नाही!"

"मापात ओरड," तो मान वर न करता म्हणाला. "पायात काटा गेलाय. मुंडकं नाही उडालेलं."

मी दार आपटलं. त्याने लगेच उठून टेप लावली आणि माझं दार उंबऱ्याबाहेर किती येतं ते मोजलं.

त्याच आठवड्यात नाक्यावर गर्दी दिसली. मध्ये परब. उभ्या टॅक्सीत अर्धा घुसून मागची सीट मोजत होता. टॅक्सीवाला बोंबलत होता, "भाईसाब, बैठना है या खरीदना है?" परब आतूनच ओरडला, "दरवाजा पूरा खोल! पूरा खुलता नहीं तो रोड पे लाता कायको?" मी मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथने निघून गेलो. ओळख दाखवायची सोय नव्हती.

संध्याकाळी त्याच्या घरातून वहिनींचा आवाज. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. परबाचे वडील कोकणातून गिरणीत कामाला आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. चाळ गेली, गिरणी गेली, पेटी राहिली होती. तिची वरची, उचलायची कडी परबाने उपटली होती. "देवासारखी पेटी! तिचा कान कापलात!" वहिनी रडत होत्या. दुसऱ्या दिवशी कडी कॅबिनेटच्या डोक्यावर. खालून लोखंडी पट्टी, रिबिटा, आणि धरायच्या जागी जाड कापड घट्ट गुंडाळलेलं.

आता मात्र मला राहवेना. "टेबलावरच्या डब्याला कडी कशाला रे?"

"तुझ्या डोक्यात घालायला. उचलायला सोपं पडतं."

शेवटी एका रविवारी रेडिएटर बसला. परबाने मला आणि पीटरला बोलावलं म्हणण्यापेक्षा दम देऊन आणलं. टेबलावर कॅबिनेट, पुढे विडा आणि नारळ. आम्ही मालवणी माणसं. घरात काही नवीन सुरू करायचं तर देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय करत नाही. तन्वी दाराला टेकून उभी होती, बापाकडे न बघता.

"नारळ त्याच्यावर फोडू नको हां," पीटर म्हणाला. "आत पाणी आहे तेवढं बस झालं."

"गप रे!" परबाने हात जोडले, डोळे मिटले आणि घसा खाकरला. "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही. पीटरचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्यो जो काय डबो कापून-तासून उभो केलो हा, तेका तू सांभाळ. काय माप चुकला आसात, तर पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मी बेंबीच्या देठापासून म्हटलं. चुकल्याचं कबूल करताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नळयेतसून पाणी गळान देव नको. चेडवाचा, तन्वीचा काम मधीच बंद पडान देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

परब थांबला. वहिनींनी डोळे मिटूनच मान हलवली. आता तो काय मागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझा चेडू गोरेगावाक जातला," परब म्हणाला. वहिनींनी डोळे उघडले. "तेका जांव दे, म्हाराजा. तेची वाट अडव नको. माझो बापूस ही कडी धरून घरातसून भायर पडलो, तेवा तेच्या बापाशीन तोंड फिरवल्यान. माझ्या चेडवाक तसा जावक लागा नये. डबो तेका एका हातान उचलांदे, टॅक्सीत मावांदे. हात कापांदे नको. आणि ह्या माझ्या टकल्यात जो काय राग हा, तो हयच रवांदे. तेच्यावांगडा गोरेगावाक जांव देव नको, म्हाराजा!"

आता आम्ही बोलायचं होतं. पण पीटर जमिनीकडे बघत होता, वहिनींनी पदर तोंडावर घेतला होता आणि मी कडीभोवतीचं कापड बघत होतो. परब हात जोडून, डोळे मिटून तसाच उभा. गाऱ्हाण्याला साद मिळाल्याशिवाय ते पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा," दारातून तन्वी म्हणाली. कित्येक महिन्यांत बापाशी बोललेले तिचे हे पहिले दोन शब्द.

परबाने डोळे उघडले नाहीत. "बटण दाब," तो खेकसला. कुणाला, ते म्हणाला नाही. तन्वी पुढे आली आणि तिने बटण दाबलं. दिवा लागला, पंखे फिरायला लागले, आणि इतके हळू फिरायला लागले की खोलीत परबाचं नाक ओढणं तेवढं ऐकू येत होतं.

"सर्दी झालीय!" तो माझ्यावर ओरडला. "तुला काय त्रास आहे, सावंत?"