अळवाचा वाफा

भाईंदर पूर्वेच्या उद्यानातला कारंज्यांचा हौद रोज संध्याकाळी काठोकाठ भरायचा आणि सकाळी निम्मा असायचा. शहरात प्यायच्या पाण्याची बोंब, त्यात हा प्रकार! पालिकेच्या साहेबांनी उद्यानाचा सुपरवायझर महिपतला दम भरला, "लीकेज शोधा, नाहीतर कारंजी बंद."

मे महिन्याची सुट्टी. कारंजी बंद झाली तर पोरांना काय सांगणार? महिपतने हौदात लाल रंग कालवला. रंग निघेल तिथे गळती, सरळ हिशेब.

सकाळी त्याने भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं. शेजारच्या सोसायटीतल्या हंसाबेनने जिवापाड जपलेल्या अळवाच्या वाफ्यात लालभडक पाणी!

"तरीच अळू एवढा माजलाय! हंसाबेन, आमचं पाणी तुमच्याकडे मुरतंय."

"अरे भाई, सुनो तो, वो पानी..."

"नंतर बोला. आधी खोदू द्या."

दोन माणसं लावून त्याने गुडघाभर खड्डा पाडला. अळू मुळासकट बाहेर आला. पाइप काही दिसेना. तेवढ्यात हंसाबेन दोरीवरची लाल साडी घेऊन आली.

"नवी बांधणी आहे. काल धुतली, रंग गेला. धुण्याचं पाणी मी अळवाला टाकते. तेच सांगत होती ना."

खालमानेने परत येऊन महिपतने हौदाचा खालचा व्हॉल्व्ह उघडला. आत कुण्या पोराच्या चपलेचा पट्टा अडकलेला! महिपत रोज त्याचं चक्र आवळायचा, पण व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता. पाणी मुकाट झाकलेल्या गटारात जात होतं.

संध्याकाळी धुतलेल्या हौदावर कारंजी उडाली, पोरं किंचाळत भिजली. महिपतला मात्र पलीकडची उघडी माती दिसत राहिली. शेवटी उखडलेले कंद गोळा करून तो हंसाबेनसमोर उभा राहिला.

"चुकलं माझं. तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं."

हंसाबेन पदराशी चाळा करत म्हणाली, "माफी तर मला मागायची, भाई."

"तुम्ही कशाला?"

"मी सगळ्या सोसायटीत सांगितलं, महिपतभाई हौदाचं पाणी टँकरवाल्याला विकतो. साहेबांना पीसीओच्या बूथवरून, नाव न सांगता फोन पण मीच केला."

महिपतला खरं तर चिडायचं होतं. पण हातात तिच्याच अळवाचे कंद होते. तो खाली बसला आणि एकेक लावू लागला. हंसाबेनने पाण्याची बादली आणून त्याच्याजवळ ठेवली.