सात नंबरची कॅप्सूल

"आज संध्याकाळनंतर मला 'वायरवाले' म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही!"

सकाळी सात वाजता आरशासमोर टाय बांधताना त्यांनी हे बायकोला तिसऱ्यांदा सांगितलं. टायही तिसऱ्यांदाच बांधत होते.

चौदा वर्षं हा माणूस हॉस्पिटलच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये बसत होता. हुद्दा बायोमेडिकल इंजिनियरचा, पण वरच्या वॉर्डात कुठलंही यंत्र रुसलं, की एकच हाक यायची, "अरे, त्या वायरवाल्यांना बोलवा!" ते धावत जायचे, कुठलीतरी पिन हलवायचे, यंत्र सुरू व्हायचं, आणि आभार मानायचे सोडून लोक विचारायचे, "एवढंच होतं होय?" आणि आता त्याच वायरवाल्यांनी असं यंत्र बनवलं होतं, ज्याला वायरच नव्हती!

शेंगदाण्याएवढी कॅप्सूल. पेशंटने पाण्याबरोबर गिळायची. मग ती पोटातून दर दहा सेकंदांनी आतलं तापमान कळवत राहणार. कमरेच्या पट्ट्यातली डबी ते दहा मीटरच्या आतून ऐकणार आणि मोबाइलवर, पडद्यावर, म्हणाल तिथे दाखवणार. ऑपरेशननंतर एखाद्याला ताप भरायला लागला, तर घरच्यांनी कपाळाला हात लावायच्या आत सिस्टरला कळणार! तीन वर्षं खपले होते बिचारे. तपासण्या झाल्या, परवानग्या आल्या, कागदांवर सह्या पडल्या. उरला होता फक्त मोठ्या मॅडमचा होकार. मोठ्या मॅडम म्हणजे सर्जरी विभागाच्या प्रमुख. त्यांनी मान हलवली तर कॅप्सूल वॉर्डात, नाहीतर जन्मभर कपाटात.

म्हणून शेवटची खात्री करायला त्यांनी सात नंबरची कॅप्सूल स्वतःच गिळली, डबी कमरेला लावली आणि बायकोच्या मोबाइलवर आकडे सुरू करून दिले. पाच मिनिटांत आतल्या खोलीतून आवाज आला.

"अहो! सदतीसचं एकदम एकतीस झालं! फ्रिज उघडलात ना?"

"एकच घोट घेतला गं..."

"घसा बसलाय तुमचा! आज बोलायचंय ना चारचौघांत?"

"पण बघितलंस? एक घोट पकडला तिने! एक घोट!"

चोरी पकडली गेली म्हणून इतका खूश झालेला नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला.

अकरा वाजता हॉस्पिटलच्या सभागृहात तीस-चाळीस डॉक्टर जमले. पहिल्या रांगेत मोठ्या मॅडम, शेजारी मोठी सिस्टर. ही सिस्टर म्हणजे वॉर्डाची खरी मालकीण. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा हळू चालायचे. आपल्या साहेबांनी मोबाइल सभागृहाच्या पडद्याला आणि स्पीकरला जोडला आणि तोफ डागली.

"बाहेरचा थर्मामीटर फसवतो! काखेत लावा, कपाळावर धरा, तो वरवरचं बोलतो. खरं काय ते पोटालाच माहीत! थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, पोटावर ठेवा!"

टाळ्या पडल्या. ते एवढे फुगले, की टाय आखूड वाटायला लागला.

"गिळायला कोण तयार आहे?" त्यांनी विचारलं. वर्कशॉपमधला एक सहकारी सकाळपासून उपाशी ठेवला होता. पण मोठ्या मॅडमच उठल्या. "माझ्या पेशंटना जे देणार, ते आधी मी घेणार. मीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

आठ नंबरची कॅप्सूल मॅडमनी कोमट पाण्याबरोबर गिळली. साहेबांनी घाईघाईने आपल्या कमरेची डबी काढून मॅडमच्या कमरेला लावली. आता ही डबी सकाळपासून सात नंबर ऐकत होती, तो बदलून आठ करायला हवा होता. पण टाळ्या ऐकलेल्या माणसाला असली बारीकसारीक कामं कशी आठवणार? मॅडमच्या शेजारी, हातभर अंतरावर, ते छाती काढून उभे राहिले. पडद्यावर आकडा आला, सदतीस पूर्णांक एक. पुन्हा टाळ्या!

बोलून बोलून घसा कोरडा पडला होता. त्यांनी टेबलावरचा बर्फाच्या पाण्याचा ग्लास उचलला आणि गटागटा रिकामा केला.

पस्तीस. बत्तीस. एकोणतीस!

"मॅडम!" मोठी सिस्टर ताडकन उठली. "काय होतंय तुम्हाला?"

"मला? काहीच नाही."

"हात बघा किती गार पडलेत!" सभागृहातला एसी असा होता, की भिंतीचेही हात गार पडले असते. पण तेवढा विचार कोण करतो! सिस्टरने थर्मामीटर लावला. तापमान अगदी ठीक.

इथे साहेबांना थांबता आलं असतं. पण पडद्याहून थर्मामीटर खरा? आपलंच भाषण आपणच कसं गिळायचं? "बाहेरचा थर्मामीटर फसवतो, सिस्टर!" ते कळवळून ओरडले. "आतून गारठल्यात त्या!"

झालं! ब्लँकेटं आली. एक, दोन, पाच. स्ट्रेचर आलं. मॅडम "अहो, ऐका तरी" म्हणेपर्यंत त्यांना आडवं केलं गेलं. "गारठलेला पेशंट असंच म्हणतो, मी बरा आहे म्हणून," सिस्टरने खुलासा केला आणि सहावं ब्लँकेट टाकलं.

साहेब स्ट्रेचरच्या कडेलाच एका खुर्चीवर डोकं धरून बसले. कुणीतरी दया येऊन त्यांच्या हातात वाफाळता चहा दिला. तो त्यांनी तीन घोटांत संपवला.

अडतीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस!

"चव्वेचाळीस!" मागच्या रांगेतून किंकाळी आली. "ब्लँकेटं काढा! बर्फ आणा!"

"एवढ्या तापात माणूस शुद्धीवर राहत नाही," एक तरुण डॉक्टर पुटपुटला.

"मी शुद्धीवरच आहे!" ब्लँकेटांच्या ढिगातून मॅडमचा आवाज आला. "बाकीच्यांची खात्री देत नाही!"

तेवढ्यात स्पीकर खणखणला. टेबलावरचा मोबाइल वाजत होता. तो बंद करायला गेलेल्या साहेबांचं बोट घाईत नको तिथे पडलं, आणि सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून त्यांची बायको बोलू लागली.

"अहो, चाललंय काय तुमचं? आधी बर्फाचं पाणी, त्यावर लगेच उकळता चहा! पोट आहे की गिझर?"

चाळीस जणांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या रिकाम्या कपाकडे. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'कॅप्सूल क्रमांक ७'.

क्षणभर त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं म्हणून सांगावं. अब्रू वाचली असती. पण तीन वर्षं जिला जपलं, त्या कॅप्सूलवर खोटा आळ घ्यायचा? ते उठून उभे राहिले.

"मॅडम, यंत्राची काही चूक नाही. ते पोट... माझं आहे. नंबर बदलायचा मीच विसरलो."

मॅडमनी ब्लँकेटं बाजूला सारली, केस नीट केले आणि शांतपणे म्हणाल्या, "बर्फाचं पाणी आणा."

आता हे पाणी आपल्या डोक्यावर येणार, अशी साहेबांची खात्री झाली. पण मॅडमनी ग्लास त्यांच्या हातात दिला. "प्या." ते प्याले. आकडा धाडकन खाली. "आता आठ नंबर लावा." लावला. सदतीस, ढिम्म. मग मॅडम स्वतः दोन घोट प्याल्या. आकडा खाली. पुन्हा हळूहळू वर.

"यंत्र एका घोटाचंही खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "चौदा वर्षं आमच्या तळघरात असा माणूस बसलाय, आणि आम्ही त्याला पिना हलवायला बोलावत होतो! माझ्या वॉर्डात ही कॅप्सूल येणार. पण दोन अटी. एक, ज्याची कॅप्सूल, त्याचीच डबी. नंबर बदलायचं काम माणसाकडे नको."

"आणि दुसरी, मॅडम?"

"तुमची सात नंबर बाहेर पडेपर्यंत माझ्या पेशंटपासून दहा मीटर लांब राहा."

पहिली अट त्यांनी चार दिवस खपून पुरी केली. दुसरी काही त्यांच्या हातात नव्हती.

पाचव्या दिवशी वॉर्डातल्या एका आजोबांनी पहिली कॅप्सूल गिळली. त्या वेळी साहेब लांब व्हरांड्याच्या टोकाला, जमिनीवर चिकटवलेल्या लाल पट्टीच्या पलीकडे, नवा शर्ट घालून उभे होते. शेजारी बायको होती. डोळे पुसत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हे त्यांनीच केलंय" म्हणून सांगत होती. काचेतून पडद्यावरचा आकडा दिसला आणि साहेब दोन्ही हात हलवू लागले.

"सिस्टर, ते लांब उभं राहून हात हलवतायत, ते कोण?" आजोबांनी विचारलं.

"ते? ही गोळी त्यांनीच बनवली, आजोबा. फार मोठा माणूस!"

"मग आत का येत नाहीत?"

मोठ्या सिस्टरचा आवाज, तुम्हाला सांगतो, व्हरांड्याच्या टोकापर्यंत स्वच्छ पोचला.

"कसे येणार? त्यांना अजून झाली नाही ना!"