तिसऱ्या बटणावरचा टिळा

"बाबा, माझा कीबोर्ड कुठे आहे?"

"पूजेत," दौलतराव शांतपणे म्हणाले. "तलवारीच्या बाजूला. आज खंडेनवमी नाही का? तुझं हत्यार तर तेच ना, सूनबाई!"

मधुरिमा देवघराकडे वळली. पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन परीक्षा आत्ता सुरू होणार होती. पास झाली तर इंदूरला घरी बसून ग्राहकांना चॅटवर मदत करायची नोकरी. तिला दिसत नव्हतं. लॅपटॉप बोलायचा, ती ऐकायची आणि त्या वीतभर बिनतारी कीबोर्डवर उत्तर द्यायची. लॅपटॉपची स्वतःची बटणं मागेच चहा पिऊन गेली होती.

"पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या आधी उचलत नाहीत हं," सासूबाई देवघरातून म्हणाल्या.

"आई, एक्झाम आहे! ते लोक दसऱ्यापर्यंत रुकतील का?"

"घेऊ दे गं, मंगला," दौलतराव म्हणाले. "आपले पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. दुश्मन समोर आला तर काय म्हणायचे, भिया, भावा, उद्या ये?"

कीबोर्डवरच्या अक्षता झटकत मधुरिमा खोलीत जाऊन बसली. लॅपटॉप बोलला, "परीक्षा सुरू. ग्राहकाचा संदेश: हॅलो, कोणी आहे का?"

तिनं टाइप केलं. एरवी लॅपटॉप एकेक अक्षर म्हणून दाखवायचा. आता चूप.

"ग्राहकाचा संदेश: कोणी ऐकतंय का? मी तक्रार करीन."

तिनं कान लॅपटॉपजवळ नेला. बॅटरी तर कालच चार्ज केली होती. निदान आवाजच बंद असेल, अक्षरं पोचत असतील, या आशेवर तिनं लिहिलं: सॉरी सर, नाराज होऊ नका, चूक माझीच आहे.

हॉलमध्ये दौलतराव टीव्हीवर शोधायची चौकट उघडून कीर्तन शोधत बसले होते. ते ओरडले, "मंगला, लवकर ये! टीव्ही माझी माफी मागतोय!"

"कशाबद्दल?"

"काल दिवसभर अटकत होता ना! सर म्हणतोय बघ मला!"

घाईत मधुरिमाला काही ऐकू गेलं नाही. ती लिहीतच होती. दौलतराव मोठ्यानं वाचत होते, "सासऱ्यांनी... कीबोर्ड... पूजेत ठेवला... तेव्हापासून..." आवाज बसत गेला. "बिघडलाय."

हे मात्र तिनं ऐकलं. तिची बोटं थांबली. वरच्या ओळीत तीन बटणं होती: पहिलं फोनचं, दुसरं लॅपटॉपचं, तिसरं टीव्हीचं. जे दाबावं तिथे अक्षरं जायची.

"बाबा! टिळा कुठे लावलात?"

"वरच्या ओळीत. तीन लावले. शेवटचा... जरा दाबून."

तिनं चाचपलं. कुंकवाचे तीन खरखरीत ठिपके. मधला दाबला. लॅपटॉपला कंठ फुटला. "ग्राहकाचा संदेश: मी रिटायर्ड माणूस. भलतंच बटण दाबलं गेलं. घरचे ओरडतायत."

मधुरिमाला हसू आलं. तिनं लिहिलं, आणि लॅपटॉपनं ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं: "काका, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही चांगल्यासाठीच दाबलं असणार. आपण मिळून ठीक करू."

थोड्या वेळानं ग्राहकाची अडचण सुटली आणि लॅपटॉपनं विचारलं, "ग्राहकाचं समाधान झालं?"

"झालं, झालं," दारातून दौलतरावांचा घोगरा आवाज आला. "बस का, सूनबाई! आता किती माफ करशील?"

"बाबा, ते तुम्हाला नाही—"

"अभिनंदन, नोकरीसाठी निवड झाली," लॅपटॉप म्हणाला.

"बघ! तोही झालंच म्हणतोय," असं म्हणून दौलतराव पेढे आणायला निघाले.