शेवटचा पीळ

दुपारी जेवण झालं की मी बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत नुसती पडते. (झोपत नाही. घरातले म्हणतात ‘आजी झोपली’, पण मला सगळं ऐकू येत असतं. फक्त आत्ताचं ऐकू येतंय की साठ वर्षांपूर्वीचं, एवढं नक्की सांगता येत नाही.) अशीच एकदा पडले होते, तर नात कानाशी आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो.

“आजी, तुझा बटणांचा डबा देशील?”

मी डोळे मिटूनच ‘घे’ म्हटलं. एवढ्याशा ‘घे’ने पुढे सगळं घर पाण्यात जाईल हे मला काय ठाऊक!

शिवणाची बटणं ठेवायचा तो पत्र्याचा डबा तिला गिटारसाठी हवा होता. गिटारची वायर आधी त्या डब्यात जायची आणि डब्यातून मोठ्या स्पीकरला. डब्यावर पायाने दाबायचा एक खटका. तो दाबला की गिटारचा गोड आवाज फाटून, खरखरीत होऊन, दणक्यात बाहेर पडायला हवा. असे डबे तयार मिळतात म्हणे, पण आमच्या बाईला स्वतः करायचा होता. जेवायच्या टेबलावर तिचं सोल्डरिंग, म्हणजे कथिलाने तारांना टाके घालणं, सुरू झालं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

“चांगला आवाज फाडायला एवढी मेहनत?” सून म्हणाली. “माझा रोज फुकट फाटतो, तुम्हा सगळ्यांना उठवताना.”

डब्यावर आवाज कमी-जास्त करायला भिंगरीने जुन्या रेडिओचं काळं गोल बटण बसवलं आणि खुणेसाठी त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपका डावीकडे खाली असला की आवाज बंद. तिथून वरून गोल फिरवत उजवीकडे खाली आणला की फुल. मधे खाली बोटभर जागा, तिथे बटण जातच नाही. निदान जाऊ नये.

पहिल्यांदा तो डबा वाजला तेव्हा मी खुर्चीत होते. पडदा उन्हाने पिवळा झाला होता. भिंगरीने खटका दाबला आणि काय सांगू! घर्रर्र करून खोली भरली आणि मी थेट बाबांच्या वखारीत. माझे बाबा लाकडाच्या वखारीत करवत चालवायचे. ही मोठी, गोल करवत. ओंडका आत गेला की अस्साच आवाज. मी भुशाच्या ढिगावर पडून राहायची. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात भुसा उडायचा, अंगाला ओल्या लाकडाचा वास लागायचा, आणि त्या आवाजात मला गाढ झोप लागायची. संध्याकाळी बाबा हाक मारायचे, “चल गं, बंद कर.” हे काम माझं. मी दोन्ही हातांनी लोखंडी चाक फिरवायची, आणि ते पुरतं बंद झालं तरी वरून एक शेवटचा पीळ द्यायची. मग करवत दमून थांबायची आणि भुसा हळूहळू खाली बसायचा.

इतक्या वर्षांत तो आवाज कुणी मला परत आणून दिला नव्हता. माझ्याच बटणांच्या डब्यातून निघाला!

दुसऱ्या दिवशी डब्याचा आवाज बसला. खटका दाबला की आवाज वाढायच्या ऐवजी गिटार जणू शेजारच्यांच्या माळ्यावर गेली. खटका सोडला की परत नीट.

भिंगरीने डबा उघडला. एकेक तार हलवली, मीटर लावून एकेक टाका तपासला. माझा मुलगा वीज कंपनीत आहे (बिलं भरायच्या खिडकीवर बसतो, पण घरात तो इंजिनियर असतो). तो म्हणाला, “शॉर्ट झालंय.”

“नाही झालं, बाबा.”

“मग लूज आहे.”

“काहीही लूज नाही.”

“मग लोड आलाय,” असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

शेवटी तिने सगळं उपसून पुन्हा जोडलं, बटण पुन्हा बसवलं आणि डबा गरजला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या दुपारनंतर पुन्हा तेच, डासासारखी गुणगुण. ठिपका बघावा तर फुलवर!

“दुपारीच कसा जातो आवाज?” भिंगरी रडकुंडीला आली. रविवारी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये तिच्या गाण्या-वाजवण्याच्या ग्रुपचा पहिला कार्यक्रम होता. ग्रुपमधल्या ड्रमवालीने सांगून ठेवलं होतं, “शनिवारी मी येऊन ऐकणार. डबा वाजला तर तू, नाहीतर एक मुलगा बघितलाय. त्याच्याकडे तयार डबा आहे.”

मला पोरीसाठी वाईट वाटत होतंच, पण खरं सांगू? माझी वखार बंद पडली होती. खुर्चीत डोळे मिटावेत तर नुसता अंधार.

शनिवारी ड्रमवाली आली. भिंगरीने सकाळीच सगळं पुन्हा बांधलं होतं. तिने खटका दाबला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. ड्रमवाली मान डोलवायला लागली. पडदा पिवळा झाला, भुसा उडाला, ओल्या लाकडाचा वास आला. बाबा खांद्यावर पंचा टाकून दारात उभे. “चल गं, बंद कर.”

मी उठले. चाक जरा छोटं वाटलं, पण फिरवलं. बंद झालं. मग दात-ओठ खाऊन शेवटचा पीळ दिला. करवत थांबली.

फारच एकदम थांबली. डोळे उघडून बघते तर मी जमिनीवर उकिडवी, हात डब्याच्या काळ्या बटणावर, आणि चार माणसं माझ्याकडे बघतायत.

“आजी! काय करतेस?”

“काही नाही गं. बंद केलं.”

भिंगरी खाली वाकली. माझ्या पिळाने आतली दांडी जागेवर राहून वरचं बटण तेवढं पुढे फिरलं होतं. आत आवाज बंद, आणि वर लाल ठिपका ती बोटभर जागा ओलांडून बरोब्बर फुलवर!

“रोज तू?”

“मला काय माहीत? मी झोपेत असते.” (इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं.)

“म्हणूनच आपले नळ पान्ह्याने उघडावे लागतात,” मुलगा म्हणाला. “मी म्हटलंच होतं, लूज आहे.”

भिंगरीने बटणाचा स्क्रू आवळला आणि माझ्याकडून शपथ घेतली. “उद्या कार्यक्रम होईपर्यंत घरातलं काहीही बंद करायचं नाही. काही म्हणजे काही!”

मी शपथ पाळली. रविवारी हॉलमध्ये पहिल्या रांगेत हातांवर बसून राहिले. भिंगरीने खटका दाबला, आणि स्टेजवरच्या दिव्याच्या पट्ट्यात धूळ अशी उडाली, अगदी भुशासारखी. बाबा दारात आले. “बंद कर गं.”

“नाही बाबा,” मी म्हटलं, “आज राहू दे चालू.”

बाबा हसले आणि भुशाच्या ढिगावर माझ्याशेजारी टेकले. सून सांगते, अख्ख्या हॉलमध्ये मी एकटीच घोरत होते आणि तेही तालात.

घरी आलो तर जिन्यावरून पाणी उतरत होतं. दार उघडलं आणि माझी एक चप्पल तरंगत आम्हाला घ्यायला आली.

“बेसिनचा नळ कुणी चालू ठेवला?” मुलगा ओरडला.

मी ताठ मानेने म्हटलं, “मी सकाळपासून काहीएक बंद केलेलं नाही!”

“निघताना तोंड कुणी धुतलं?” सुनेने विचारलं.

मी चप्पल पकडायला वाकले.

सुनेने फरशी पुसायचं फडकं आणलं, पाण्यात बुडवलं आणि माझ्या हातात दिलं.

“घ्या आई. तुमचा तो शेवटचा पीळ आता याला द्या.”